मेनफ्रेम, दांडेकरांच्या दोन समित्या आणि एक न मोजलेला अनुशेष

मागच्या आठवड्यात आमच्या सिडकोतल्या गल्लीतला एक मुलगा घरी आला. यंदाच इंजिनिअरिंग झालंय, पुण्यातल्या एका कंपनीत लागलाय. पेढे घेऊन आला होता, पण चेहरा पडलेला. म्हणाला, "काका, मला मेनफ्रेमला टाकलंय. तीन महिन्यांचं ट्रेनिंग आहे. बाकीच्या पोरांना क्लाउड मिळालं, एआय मिळालं. मला हे साठ वर्षांपूर्वीचं मशीन. माझं करिअर सुरू व्हायच्या आधीच संपलं का हो?"

मी त्याला चहा दिला आणि आम्ही दोन तास बोलत बसलो. तो गेल्यावर वाटलं, हे सगळं लिहून ठेवावं. कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी त्याच्या शंकेचं उत्तर. मेनफ्रेम मेलेलं नाही. जगातल्या मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्या यांचा रोजचा हिशोब आजही मोठ्या प्रमाणात याच यंत्रांवर चालतो. कार्ड घासल्यावर परदेशातल्या एखाद्या बँकेत जी नोंद होते, ती होणारं यंत्र बऱ्याचदा मेनफ्रेम असतं. त्यावर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं आजचं नाव झेड-ओएस. तिचं खापरपणजोबांचं नाव ओएस-३६०. आणि या घराण्याचा आपल्याशी, म्हणजे महाराष्ट्राशी, जुना आणि जरा गुंतागुंतीचा संबंध आहे.

गोष्ट मुंबईत सुरू होते. १९६१ साली एस्सो या तेल कंपनीने मुंबईत आयबीएम १४०१ हा संगणक बसवला. व्यापारी कामासाठी भारतात आलेला हा पहिला संगणक मानला जातो. त्याची स्मृती जास्तीत जास्त १६ हजार अक्षरांची. आज तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. या यंत्राला आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती. होता तो ऑपरेटर, म्हणजे हाडामांसाचा माणूस. तो पंचकार्डांचा गठ्ठा घालायचा, बटण दाबायचा, काम संपलं की छापील कागद काढून घ्यायचा आणि पुढचा गठ्ठा लावायचा. मधला सगळा वेळ यंत्र रिकामं. भाडं मात्र चालू!

ऑपरेटिंग सिस्टिम हे नाव इथूनच समजून घ्यायचं. ऑपरेटर जे हाताने करत होता ते यंत्राने स्वतःच करावं, म्हणून केलेली व्यवस्था. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम-३६० जाहीर केली. छोट्यापासून मोठ्यापर्यंत सगळ्या यंत्रांची रचना एकच, म्हणजे एकावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालणार. तिच्यासाठीची ओएस-३६० लिहिताना कंपनीच्या नाकी नऊ आले. यंत्रं तयार झाली तरी ऑपरेटिंग सिस्टिम वेळेत तयार होईना. त्या कामाचे प्रमुख फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिलं. उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात आणखी माणसं घातली की उशीर वाढतोच, हा त्यातला सिद्धांत आजही सगळ्या आयटी कंपन्यांत सांगितला जातो. पाळला जात नाही, ते असो.

आता आपल्याकडे काय चाललं होतं बघा. जग ३६० कडे गेलं तरी भारतात पुढची कित्येक वर्षं १४०१ च भाड्याने दिले जात होते. परदेशात वापरून झालेली यंत्रं नीटनेटकी करून इथे भाड्याने, ही तक्रार तेव्हा संसदेपर्यंत गेली. दुसरीकडे नोकऱ्या जाण्याची भीती होती. कोलकात्यात आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध कर्मचारी संघटनांनी मोठा लढा दिला. ती भीती खोटी नव्हती. ज्या टेबलावर दहा कारकून बसतात ते काम यंत्र करणार असेल, तर त्या दहांचं काय, हा प्रश्न रास्तच होता. आज एआयबद्दल तुम्ही-आम्ही हेच विचारतोय की!

या प्रश्नावर केंद्र सरकारने १९६९ साली समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ साली आला. सूर सावध होता: संगणक आणायचा तर गरज तपासून, सरसकट नाही. पुढे १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतीय भागीदारी वाढवायला सांगितलं. आयबीएमने नकार दिला. तेव्हा उद्योगमंत्री होते मुंबईच्या कामगार चळवळीत वाढलेले जॉर्ज फर्नांडिस. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातलं काम गुंडाळलं आणि १९९२ मध्ये टाटांबरोबर ती परत आली.

कंपनी गेली, पण विद्या गेली नाही. ती आडवाटेने शिकली गेली, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. पवईच्या आयआयटीला सोव्हिएत रशियाची मदत होती. तिथे आधी मिन्स्क हा रशियन संगणक होता, सत्तरच्या दशकात ईसी-१०३० आला. आणि हा ईसी-१०३० म्हणजे काय? आयबीएम ३६० च्या रचनेची सोव्हिएत नक्कल! म्हणजे शीतयुद्ध चालू असताना पवईतली पोरं रशियन यंत्रावर अमेरिकन विचार शिकत होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ सालीच सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला होता, बाहेरच्या संस्थांचे संशोधकही तिथे आपली कामं घेऊन जात. टीसीएसने १९७४ मध्ये बरोज कंपनीशी हातमिळवणी केली आणि तिच्या यंत्रावर परदेशातली कामं सुरू केली.

आता या ठिकाणांची यादी करा. कुलाबा, पवई, नरिमन पॉइंट. सगळी एका शहरात. आपल्याकडे मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. हुशार पोरं होती, शिकवणारेही होते. पण मोठ्या यंत्रापर्यंत पोचायचं तर मुंबई. आणि मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची, कारण आपला रूळ नव्वदच्या दशकापर्यंत मीटरगेज! सामान डोक्यावर घेऊन फलाट बदलणं ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि इथे दांडेकर परत येतात. १९८३ साली राज्य सरकारने प्रादेशिक असमतोल मोजायला सत्यशोधन समिती नेमली. अध्यक्ष तेच, वि. म. दांडेकर. १९८४ च्या अहवालात त्यांनी एकूण अनुशेष काढला सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा. मराठवाड्याचा त्यातला वाटा जवळपास चौथा हिस्सा. अनुशेष हा शब्द आपल्या राजकारणात रुजला तो या अहवालामुळे. रस्ते, सिंचन, वीज, आरोग्य असं एकेक क्षेत्र त्यांनी मोजलं. तंत्रशिक्षणसुद्धा मोजलं, हे विसरू नका.

पण मोजता काय येतं? महाविद्यालयं मोजता येतात, जागा मोजता येतात. वर्गात काय शिकवलं जातं, कुठल्या यंत्राला पोराचा हात लागतो आणि "हे असं का?" हा प्रश्न विचारायची मुभा त्याला आहे का, हे कोणत्या तक्त्यात मांडणार? ज्या माणसाने आधी संगणकाचा प्रश्न अभ्यासला, त्यानेच नंतर मराठवाड्याचा अनुशेष मोजला. हे दोन प्रश्न आतून जोडलेले होते. ती जोडणी मला कळली १९९८ साली, स्वतःच्या अनुभवातून.

तेव्हा वायटूकेची धामधूम होती. कार्डावर जागा वाचवायची म्हणून जुन्या प्रोग्राममध्ये वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले. २००० साल उजाडलं की ००, म्हणजे यंत्राच्या लेखी १९००. जगभरचे कोट्यवधी ओळींचे प्रोग्राम तपासायचे होते आणि त्यासाठी कोबोल, जेसीएल, एमव्हीएस येणारी माणसं हवी होती. औरंगपुऱ्यापासून निराला बाजारापर्यंत क्लासच्या पाट्या लागल्या. बाबांनी पोस्टातली ठेव मोडून मला एका क्लासला घातलं. "मुंबईच्या मेनफ्रेमला थेट लाइन" असं जाहिरातीत होतं. ती लाइन शेवटपर्यंत आली नाही. पुढच्या महिन्यात, दिवाळीनंतर, टेलिफोनवाल्यांमुळे अडलंय, असं चालत राहिलं. आम्ही तीस जण झेरॉक्सच्या नोट्सवरून कागदावर जेसीएल लिहायचो. पोहायला शिकायचं, पण विहिरीत पाणी नाही, अशातली गत.

पण आम्हाला एक सर भेटले. मूळचे परभणीकडचे, मुंबईत यंत्रावर काम करून आईच्या आजारपणामुळे परत आलेले. यंत्र नाही म्हणून ते रडत बसले नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोंढ्यात कोण कोण गेलंय?" सगळेच गेलेले. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. ते तुम्हालाही सांगतो. पाच मिनिटांत मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम समजेल.

शेतकरी गाडी घेऊन मोंढ्याच्या फाटकावर येतो. तिथे नोंद होते: नाव, गाव, माल कोणता. मेनफ्रेमवरचं प्रत्येक काम असंच नोंद होऊन येतं. त्या नोंदीची भाषा म्हणजे जेसीएल. तिच्यात मुख्य ओळी तीनच प्रकारच्या. जॉब: मी कोण. एक्झेक: कोणतं काम करायचं. डीडी: माल कुठून घ्यायचा, कुठे ठेवायचा. बास. बाकी सगळा तपशील.

फाटकातून आत आल्यावर लगेच लिलाव होतो का? नाही. गाडी आवारात रांगेत उभी राहते. मेनफ्रेमवर या आवाराला स्पूल म्हणतात आणि फाटकावरच्या मुनिमाला जेईएस. मुनीम नोंद तपासतो, चूक असेल तर तिथूनच परत पाठवतो. नोंद बरोबर असेल तर काम रांगेत. मग एखादा आडत्या मोकळा झाला की तो रांगेतून आपल्या प्रकारची गाडी बोलावतो. कापसाचा आडत्या कापूस घेणार, ज्वारीचा ज्वारी. या आडत्याला म्हणतात इनिशिएटर, आणि मालाच्या प्रकाराला जॉब क्लास. माल विकला की हिशोबपट्टी तयार होते. तीही लगेच हातात पडत नाही, खिडकीवर रांगेत येते. म्हणजे आउटपुट. शेतकऱ्याने पट्टी घेतली की आवारातली जागा मोकळी.

"आता सांगा," सर म्हणाले, "आवार कशासाठी?" आम्ही गप्प. "अरे, आडत्या एक मिनिटही रिकामा बसू नये म्हणून! गाडी हळू येते, लिलाव झटपट होतो. हळू आणि झटपट यांच्यामध्ये आवार लागतं. मोंढा बांधणाऱ्याला हे कळलं होतं, आयबीएमला नंतर कळलं." सगळा वर्ग हसला. पण स्पूल कशाला असतो हे त्या दिवशी तीसच्या तीस जणांना कळलं.

दुसऱ्या दिवशी स्मृती. "तलाठ्याचं टेबल छोटं असतं," सर म्हणाले, "पण कपाट मोठं. तो सगळी दप्तरं टेबलावर मांडत नाही. लागेल ते पान बाहेर काढतो, नको ते कपाटात ठेवतो. तुम्हाला वाटतं सगळं त्याच्या समोरच आहे." ही झाली व्हर्च्युअल स्टोरेज. टेबल म्हणजे खरी स्मृती, कपाट म्हणजे डिस्क, पान म्हणजे ४ हजार ९६ बाइटचं पेज. १९७४ साली आलेल्या एमव्हीएसने यापुढची मजल मारली. प्रत्येक कामाला वाटावं की १ कोटी ६७ लाख बाइटचा म्हणजे १६ मेगाबाइटचा अख्खा पत्ता-पट आपल्या एकट्याचा आहे. एकाच्या चुकीने दुसऱ्याचं दप्तर खराब होत नाही, कारण त्याला ते दिसतच नाही. बँकेला हेच हवं असतं. तुमच्या खात्याचं काम फसलं तर माझ्या खात्याला धक्का लागता कामा नये.

सर चुकीच्या गोष्टींनाही सांभाळून घ्यायचे नाहीत. जेसीएलमध्ये कोंड नावाची एक अट आहे. ती खरी ठरली की पायरी चालत नाही, गाळली जाते. सरळ विचार करणारा माणूस हमखास फसतो. "ही उलटी खोपडी आहे, पण का उलटी आहे ते लक्षात ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता चुकणार नाही," असं ते बजावायचे. ब्रुक्स यांनी स्वतःच पुढे जेसीएलवर कडक टीका केली, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

तो क्लास वर्षभरात बंद पडला. काहींचे पैसे बुडाले, काहींची उमेदही. मला सहा महिन्यांनी मुंबईत काम मिळालं आणि तिथे पहिल्यांदा, वयाच्या चोविसाव्या वर्षी, हिरव्या अक्षरांचा तो काळा पडदा खरोखर पाहिला. माझ्या शेजारी मोठ्या शहरातून आलेला, रोज यंत्रावर बसून शिकलेला मुलगा होता. बोटं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालायची. पण एका रात्री बँकेचं काम एस-झिरो-सी-सेव्हन देऊन कोसळलं. म्हणजे आकड्याच्या जागी आकडा नसलेलं काहीतरी आलं. तो शिकवल्याप्रमाणे तेच काम पुन्हापुन्हा सोडत राहिला. मला मोंढा आठवला. म्हटलं, गाडी आडत्याकडे जाऊन फसली म्हणजे नोंद बरोबर होती, माल खराब आहे. तर माल कुठून आला ते बघू. आधीच्या पायरीतली फाइल उघडली. एका रकमेच्या जागी कोऱ्या जागा भरल्या होत्या. काम पहाटे चारला पार पडलं.

यात माझी हुशारी नाही. आम्हाला यंत्र मिळालं नव्हतं, पण "का" मिळालं होतं. त्याला यंत्र मिळालं होतं. दोन्ही मिळायला हवं होतं, दोघांनाही. आमच्या तीस जणांपैकी ज्यांना ते सर भेटून पुढे यंत्र भेटलं नाही, त्यांची यादी मी करत नाही. मला ती आवडणार नाही.

आता आजचं बोलू. यंत्राचा अनुशेष, निदान या एका बाबतीत, संपलाय. हे फार कमी लोकांना माहीत आहे. हर्क्युलिस नावाचा एक फुकट प्रोग्राम १९९९ पासून उपलब्ध आहे. तो साध्या लॅपटॉपला आयबीएमचं मेनफ्रेम असल्याचं सोंग घ्यायला लावतो. त्यावर जुनी एमव्हीएस ३.८ ही आवृत्ती चालते. ज्या यंत्रासाठी खास खोली, उंच फरशी आणि चोवीस तास एसी लागायचा, ते आज सेकंडहँड लॅपटॉपवर टीव्ही सेंटरच्या एखाद्या खोलीत चालू शकतं. आजची खरी झेड-ओएस वापरायची तर आयबीएमचा झेड एक्सप्लोर हा शिकण्याचा मंच आहे, तोही फुकट. पोराने पहिलं काम सोडलं की पडद्यावर हॅस्प अशी अक्षरं येतात. ते ह्यूस्टनचं नाव आहे. साठच्या दशकात नासाच्या ह्यूस्टन केंद्रासाठी जी रांगेची व्यवस्था केली, तिचं नाव आजच्या मुनिमाने अजून कपाळावर मिरवलंय.

मग उरलं काय? उरला तो दुसरा अनुशेष, "का" सांगण्याचा. आणि तो आपल्या भाषेत सांगण्याचा. एमएस-सीआयटीने २००१ नंतर गावोगावच्या माणसाची संगणकाची भीती घालवली, हे मोठं काम झालं. पण बटण कुठलं दाबायचं ही पहिली इयत्ता. आत काय होतं ही दुसरी, आणि तिथे आपले बहुतेक क्लास, बरीच महाविद्यालयंही, अडखळतात. सोलापूरच्या अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिमवर इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिलं आणि विज्ञान-तंत्रज्ञानावर मराठीत पुस्तकांची रांग लावली. म्हणजे आपल्या भाषेतला माणूस हे करू शकतो. २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीतूनही अभियांत्रिकी शिकवायला वाट मोकळी केली. वाट आहे. चालणारे हवेत.

माझी मागणी मोठी नाही. छत्रपती संभाजीनगरातल्या प्रत्येक पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका सत्रात पंधरा तास काढावेत. हर्क्युलिस लावावं, एक जॉब सोडावा, तो फाटकापासून पट्टीपर्यंत कसा गेला ते मराठीत समजावावं. खर्च जवळपास शून्य. मी फुकट शिकवायला तयार आहे. माझ्यासारखे निवृत्तीला आलेले मेनफ्रेमवाले या शहरात आणखी असतील. त्यांनी पुढे यावं, आपण मिळून करू. ज्या प्राध्यापकांना शक्य आहे त्यांनी कळवावं.

आणि त्या मुलाला मी काय सांगितलं? म्हटलं, बाबा, क्लाउड क्लाउड म्हणतोस, तिथेही रांग आहे, मुनीम आहे, आडत्या आहे. एकाच यंत्राच्या पोटात प्रत्येकाला स्वतंत्र यंत्र असल्याचा भास देणं आयबीएमने साठ-सत्तरच्या दशकातच सुरू केलं होतं. नावं बदलली, मोंढा तोच. तीन महिने नीट शीक. पाठ करू नकोस, विचारत जा. जाताना तो पेढ्यांचा बॉक्स विसरला होता, तो घ्यायला परत आला आणि दारातच म्हणाला, "काका, ते हर्क्युलिस रविवारी लावून देता का?"

रविवारी दहा वाजता बोलावलंय. अजून कुणाला यायचं असेल तर या. लॅपटॉप घेऊन या, चहा माझ्याकडे.